आडवे पट्टे

अगं ऐक ना. मधे मधे ‘मग काय झालं, मग काय झालं’ करू नकोस, नुसतं ऐक. कोण बरोबर न् कोण चूक ते शेवटी ठरव.

लिबुसेंग माहितीय ना तुला? सेमोंकोंगची, धबधब्याच्या वरच्या अंगाला घर आहे ती, दहा हजार मीटरवाली. हडकुळी, लांब मानेची, बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघते ती. सहा वर्षं लेसोथोसाठी, आपल्या देशासाठी पळतेय बिचारी. तीनदा देशोदेशींच्या मोठ्या खेळांना जाऊन आली आणि तिन्ही वेळा उद्घाटनाला झेंडा दुसऱ्याच्याच हातात. पहिल्यांदा एका बॉक्सरच्या, तो पहिल्याच फेरीत आडवा झाला. दुसऱ्यांदा एका ज्युडोवाल्याच्या, तो तर एकोणीस सेकंदांत घरी. तिसऱ्यांदा एका पोहणाऱ्याच्या, जो हॉटेलच्या तलावात पोहायला शिकला होता आणि त्याला निम्म्यातच दम लागला. आणि लिबुसेंग दर वेळी तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी रुंद पाठीमागे. तिचे वडील गावातल्या दुकानात छोट्याशा, मुंग्या येणाऱ्या टीव्हीसमोर नाक लावून बसायचे. तिसऱ्या वेळी ती घरी आली तर म्हणाले, “लिबू, मला वाटतं तुझा कान दिसला. डावा. तुझाच होता ना?”

म्हणजे बघ, तीनदा खेळांना जाऊन बापाला दिसलं काय, तर कान.

तर मागच्या हिवाळ्यात काय झालं, बर्फ पडलेलं, खिंडीतला चढ सलग आठ वेळा पळून झालेला, लिबुसेंग गुडघ्यावर हात ठेवून वाकलेली, आणि कोच, सेखोन्याना त्याचं नाव, शिट्टी खिशात टाकत म्हणाला, “पोरी, या खेपेला झेंडा तुझा.” एवढंच. तिनं मान वर केली नाही, पण मला म्हणाली की त्यानंतर नववा चढ तिला चढासारखा वाटलाच नाही. घरी गेली, बापाला सांगितलं. बापानं गावाला सांगितलं. दुकानदारीणबाईंनी तर त्या दिवसासाठी गाडीची बॅटरी आधीच भरून ठेवायची कबूल केली, वीज गेली तर पंचाईत नको म्हणून.

आणि निघायच्या तीन आठवडे आधी आली कामोहेलो.

वीस वर्षांची. आईबाप आपलेच, पण बाप खाणीत कामाला, म्हणून जन्मली वाढली सीमेपलीकडे, वेल्कमला. शाळेत खरा ट्रॅक, लाल, रबराचा. बोलते आपलीच भाषा, पण दर तिसरा शब्द तिकडचा. पंधराशे मीटर अशी पळते की बघतच राहावं. वर स्वभावानं गोड! तेच तर जास्त झोंबतं ना. वाईट असती तर बरं झालं असतं. एखाद्याला मनातल्या मनात शिव्या द्यायला काहीतरी हाताला लागावं लागतं. ही आपली थोरल्या बहिणीला-भावाला हाक मारावी तसं सगळ्यांना “आउसी, तू जेवलीस का,” “आबुती, तुझी बॅग मी घेते.”

लिबुसेंगच्या डोळ्यांत ती पहिल्या दिवसापासून खुपायला लागली. बूट खुपले. हसणं खुपलं. कोच दिवसातून किती वेळा ‘कामोहेलो’ म्हणतो ते ती मोजायची, खरंच मोजायची, एकदा म्हणे एकतीस वेळा. म्मे मालेफा, आपल्या पथकाची मॅनेजर गं, सगळे आईसारखं ‘म्मे’ म्हणतात ती, जेवण वाढताना मटणाचा चांगला तुकडा कुणाच्या ताटात टाकते, हेही ती बघायची. चार दिवस बघितलं, चारही दिवस कामोहेलोच्याच ताटात. लिबुसेंगच्या ताटात मक्याच्या पिठाचा घट्ट पापा आणि भाजी, वर मटणाचा रस्सा, आणि रश्शात एक हाड.

आणि असाच पापाचा घास तिच्या तोंडात असताना कोचनं सांगितलं. उभ्याउभ्या, दुसरीकडे बघत.

“लिबुसेंग, ते झेंड्याचं... वरून असं ठरलंय की कामोहेलोला द्यायचा. पदकाची आशा तिच्याकडून आहे ना. फोटोबिटो. तू तर घरचीच आहेस, समजून घेशील.”

घास गिळता येईना न् थुंकता येईना. ती म्हणाली, “हो कोच.”

“मला माहीत होतं तू समजून घेशील,” म्हणाला, आणि गेला ना शहाणा.

आता बापाला सांगायचं कसं? वडिलांना फोन लागतो तो फक्त दुकानामागच्या टेकाडावर, आणि लिबुसेंगचा फोन तर तुला माहितीच आहे, कानाचा स्पीकर मेलेला, सगळं बोलणं मोठ्यानं, खोलीभर. आणि खोली तिची आणि कामोहेलोची एकच! कामोहेलो पलीकडच्या पलंगावर कानात गाणी घालून पडलेली, म्हणजे तसं दिसत तरी होतं.

“न्ताते, झेंडा दुसऱ्या मुलीला दिला. नवीन आलीय.”

पलीकडे नुसता वारा. मग खोकला. खाणीनं छाती खाल्लीय त्यांची.

“कुणाची पोर आहे?”

“तिकडची. वेल्कमची.”

“हं.” परत वारा. “जाऊ दे. झेंडा म्हणजे काठीला बांधलेलं कापड. ब्लँकेट घेतलंयस ना माझं?”

“घेतलंय.”

“मग ते घाल. मी झेंड्याकडे बघणारच नाही. मी माझं ब्लँकेट शोधीन. ते मला मैलावरनं ओळखू येतं.”

ते ब्लँकेट तू पाहिलंयस, आपल्यात खांद्यावर पांघरून मिरवतात तसलं. गडद निळं, त्यावर तपकिरी मक्याची कणसं, पिवळे पट्टे, आणि एका कोपऱ्यात निखाऱ्यानं पडलेलं भोक. वडिलांनी खाणीतून शेवटचं परत येताना आणलेलं. ती पहिली शर्यत जिंकली तेव्हा त्यांनी स्वतःच्या खांद्यावरनं काढून तिच्या खांद्यावर टाकलं होतं.

बरं. तर गेले सगळे. ते समुद्राकाठचं शहर, उकाडा असा की चड्डीसुद्धा नकोशी वाटावी, आणि आपलं पथक सहा जणांचं. विमानतळावर उतरले तर काय, पेटी नाही! जिच्यात सगळ्यांच्या गवती टोप्या न् सारखी ब्लँकेटं होती, तीच नेमकी दुसऱ्या कुठल्या तरी शहरात पोचलेली. बूट आले, पोहण्याचे चष्मे आले, मोएकेत्सी बॉक्सरच्या आईनं दिलेली ज्वारीच्या पिठाची पिशवीसुद्धा आली. पेटी तेवढी नाही.

म्मे मालेफानं डोक्याला हात लावला. “ट्रॅकसूट घालून जायचं? आम्ही? मग लोकांना कळणार कसं आम्ही कोण ते? झेंड्यावर गवती टोपीचं चित्र आणि डोक्यावर काही नाही!”

मोएकेत्सी म्हणाला, “म्मे, माझी स्वतःची टोपी आहे. विमानात बसताना डोक्यावरच होती. पण घामाचा वास येतो हं.”

“येऊ दे. एक टोपी झाली. निदान झेंडा धरणारी तरी नीट दिसली पाहिजे. आता ब्लँकेट.” आणि मान वळली, सरळ लिबुसेंगकडे.

तुला सांगते, लिबुसेंगला म्हणे तेव्हा वाटलं, पेटी मुद्दामच हरवलीय.

“ते माझ्या वडिलांचं आहे, म्मे.”

“मग? खाणार का आम्ही ते?”

“मी घालणार होते. ते बघणार आहेत.”

“तू दुसऱ्या रांगेत आहेस गं. कोण बघणार तुला? पुढं कामोहेलो आहे. सगळा देश बघणार. अशा वेळी माझं माझं करू नये.”

कामोहेलो मधे पडली, “म्मे, राहू दे ना, मी ट्रॅकसूटवरच...”

“तू गप्प बस गं बाळा.”

बाळा! लिबुसेंगच्या अंगाचा तिळपापड झाला. खोलीत गेली, गादीखालनं ब्लँकेट काढलं, आणि कामोहेलोच्या पलंगावर टाकलं. ठेवलं नाही हं, टाकलं. वर मोठी पिन टाकली.

“आउसी, लावून देतेस? मला ही पिन...”

“स्वतःची स्वतः लाव. वीस वर्षांची आहेस.”

आता इथं नीट ऐक. उद्घाटनाच्या दिवशी दुपारी सगळ्या देशांना एका मोठ्या मैदानात नेऊन उभं केलं. कोच न् म्मे मालेफा प्रेक्षकांत, त्यांना दुसऱ्या दारानं नेलं. मैदानात फक्त खेळाडू. दोन तास ऊन. कामोहेलोनं ब्लँकेट घडी करून हातात धरलेलं, अंगावर घेईल कोण त्या भट्टीत. मग पिवळ्या जाकिटातली एक बाई धावत आली, हातात कागद, “लेसोथो! लेसोथो! चला, रांग करा, तुमच्यापुढं आता चारच देश!” गडबड. कामोहेलोनं घाईघाईनं घडी मोडली, अंगाभोवती गुंडाळलं, छातीवर पिन मारली, टोपी घातली, झेंडा उचलला आणि मागं वळून लिबुसेंगला विचारलं,

“आउसी, कशी दिसते?”

पट्टे आडवे.

अगं, सगळे पट्टे आडवे! खांद्यापासून खाली पोटरीपर्यंत, फडताळाच्या फळ्यांसारखे. आपल्यातली चार वर्षांची पोरगी असं करणार नाही. पट्टे उभे, वर जाणारे, माणूस वर जावा म्हणून. आडवे घातले की वाढ खुंटली. लहानपणी लिबुसेंगनं एकदा खेळता खेळता तसं पांघरलं तर वडिलांनी चापट मारून ते फिरवलं होतं. पण ही कुठं वाढली? तिकडं जॅकिटं घालतात. हिच्या घरी ब्लँकेट म्हणजे पलंगावर पसरायची वस्तू.

आणि बाकी कुणाचं लक्षच नाही! मोएकेत्सी पाठ करून शेजारच्या देशाच्या उंच उंच मुलींबरोबर फोटो काढतोय, पोहणारा पोरगा बुटाची नाडी बांधतोय, उरलेले दोघे पाण्याच्या पिंपाशी. बघितलं ते एकट्या लिबुसेंगनं.

तिच्या डोक्यात काय काय आलं माहितीय? सगळा देश टीव्हीसमोर. सगळ्या म्हाताऱ्या. उद्या रेडिओवर फोनावर फोन. ‘ही कुठली पोर आणलीत, हिला साधं पांघरता येत नाही, ही आपली आहे का तरी?’ कोचचं तोंड. म्मे मालेफाचं तोंड, तिच्या बाळाचं हे असं! लिबुसेंगला म्हणे पोटात असं गार गार वाटलं, उन्हात झऱ्याचं पाणी प्यावं तसं.

आणि ती म्हणाली, “छान.”

म्हणाली! तोंडानं. कामोहेलो हसली आणि पुढं वळली.

रांग हलली. बोगद्याच्या तोंडाशी आले. आत अंधारं, पलीकडे नुसता उजेड आणि माणसांचा आवाज, समुद्रासारखा. पुढं तीन देश. कामोहेलो पुढं, हिच्या नाकासमोर पाठ, आणि पाठीवर ते पट्टे. दोन देश. आणि तेवढ्यात हिला कोपऱ्यातलं ते भोक दिसलं. निखाऱ्याचं.

तेव्हा ट्यूब पेटली बाईची. बाप कामोहेलोला बघणारच नाही! बाप ब्लँकेट शोधणार आहे. मैलावरनं ओळखणार आहे. आणि ते आडवं. त्यांचं ब्लँकेट, अख्ख्या गावासमोर, आडवं. आणि वाढ खुंटायची ती कुणाची? घालणारीची की जिचं आहे तिची?

एक देश.

“कामोहेलो!” ती ओरडली. “थांब! उलटं घातलंयस! पट्टे आडवे आलेत!”

“काय?”

“पट्टे! उभे पाहिजेत. सगळे हसतील. सोड ते, फिरव!”

कामोहेलोचं तोंड पांढरं पडलं. पिन काढायला दोन हात हवेत आणि हातात झेंडा. “आउसी, धर ना, धर जरा!” आणि झेंडा लिबुसेंगच्या हातात.

हातात आला ना गं. सहा वर्षांनी. म्हणाली, काठी कोमट होती, कामोहेलोच्या हातांची.

कामोहेलो पिन दातांत धरून ब्लँकेट फिरवतेय, टोपी गुडघ्यांत दाबलेली, आणि तेवढ्यात पिवळं जाकीट आलं, “लेसोथो, जा, जा, जा!” आणि तिनं झेंडा ज्याच्या हातात त्याचा दंड धरून पुढं ढकललं. तिला काय माहीत कोण लिबुसेंग न् कोण कामोहेलो.

लिबुसेंगला म्हणता आलं असतं, ‘मी नाही, ही.’ तीन शब्द. मी विचारलं तिला, का नाही म्हणालीस? तर म्हणे, “ढकललं ना तिनं.” मी म्हटलं, “बरं, ढकललं.” मग माझ्या बुटांकडे बघत म्हणाली, “मैदानातच सांगितलं असतं तर ढकललं नसतं.”

चालली ती. उजेडात. वारा असा की झेंडा सारखा तोंडावर येतोय, काठी पेलता पेलता कपाळाला आठ्या, दात दाबलेले. आणि तिच्या मागून चार पावलांवर पळत येऊन कामोहेलो मिळाली, टोपी डोक्यावर, ब्लँकेट आता अगदी सरळ, पट्टे उभे, दोन्ही हात मोकळे. मोकळे म्हणून दोन्ही हातांनी लोकांना हात करतेय, नाचतेय, हसतेय. लोकांनी काय टाळ्या वाजवल्या! सगळी फेरी अशीच झाली. भर मैदानात झेंडा थोडाच परत देता येतो?

कोचनं नंतर विचारलं तर कामोहेलोच म्हणाली, “माझं ब्लँकेट चुकलं होतं, आउसीनं वाचवलं.” कोचनं लिबुसेंगच्या पाठीवर थाप मारली. म्मे मालेफानं त्या रात्री मटणाचा तुकडा हिच्या ताटात टाकला. आणि तो हिला जाईना.

खोलीत आल्यावर कामोहेलोनं ब्लँकेटाची घडी केली, नीट, पट्ट्याला पट्टा जुळवून. पलंगावर ठेवलं. टाकलं नाही. आणि सहज विचारावं तसं विचारलं,

“आउसी, तुला कधी दिसलं ते?”

“बोगद्यात.”

“हं,” म्हणाली. “मला वाटलं मैदानात मी विचारलं तेव्हा तू वरपासून खालपर्यंत बघितलंस.”

“ऊन होतं डोळ्यांवर.”

“हो, ऊन होतं,” ती म्हणाली, आणि दिवा घालवला.

आता सकाळ. दोघी आपापल्या पलंगावर, कामोहेलो बुटांच्या नाड्या ओवतेय. फोन वाजला. न्ताते! टेकाडावरनं. लिबुसेंगनं फोनवर झडपच घातली म्हणे. आज बाप म्हणणार, कान नाही, लिबू, सगळी दिसलीस. झेंडा घेऊन. तिनं बटण दाबलं आणि न्तातेंचा आवाज खोलीभर.

“लिबू! दिसलीस! सगळी दिसलीस!”

“दिसले, न्ताते?”

“अगं, अख्खं दुकान उभं राहिलं! मी सगळ्यांच्या आधी ओळखलं. ते माझं ब्लँकेट, म्हटलं, ती माझी पोर! पट्टे असे ताठ! आणि टोपी काय शोभत होती! दोन्ही हातांनी हात करत होतीस, मी पण केला. दुकानदारीणबाई म्हणाल्या, तुमची लिबू केवढी सुधारली, आणि हसते किती गोड. मी म्हटलं, लाजते ती, पण मनात असलं की हसते.”

लिबुसेंगनं फोनवर तळहात दाबला, पण आवाज खोलीभरच.

“आणि लिबू, ऐक, ती पुढं होती ती! झेंडावाली! तीच ना ती, तुझा झेंडा पळवणारी वेल्कमची? काय तोंड गं तिचं! आंबून आंबून वाया गेलेल्या पेजेसारखं! झेंडा असा धरला होता की जणू कुणी ओढून नेतंय. सगळे म्हणाले, हिला कशाला दिला, मागच्या पोरीला द्यायचा होता.” आणि हसले, खोकेपर्यंत हसले. खोकला थांबेना. मग दम खाऊन म्हणाले, “बोल ना. तीच होती ना ती?”

कामोहेलोचा हात नाडीवर थांबलेला. मांडीवर एक बूट. ती लिबुसेंगकडे बघतेय, रागानं नाही, नुसती बघतेय, पुढं काय होतं ते. आणि फोनमधून टेकाडावरचा वारा आणि बापाचा श्वास, वाट बघणारा.

‘ती मी होते’ म्हणावं, तर बापाच्या डोळ्यांतली ती हसणारी लिबू जाते, गावासमोर म्हातारा खोटा पडतो, आणि वर सांगावं लागतं ब्लँकेट दुसरीच्या अंगावर का न् झेंडा आपल्या हातात कसा. बोगदा येतो. ‘छान’ येतं. ‘हो, तीच’ म्हणावं, तर ती समोर बसलीय, सगळं ऐकत, आणि आपलं आंबलेलं तोंड आयुष्यभरासाठी तिच्या नावावर.

“लिबू? आवाज येतोय का? तीच ना ती?”

आता तू बोल. तू काय सांगितलं असतंस?